सिल्व्हिया चांग हिला नुसती नटी म्हणू नका

परवा रात्री आईबरोबर 'लव्ह एज्युकेशन' (२०१७) पाहिला. चीनमधल्या एका खेड्यात म्हातारी नवऱ्याच्या कबरीवर आडवी पडते. त्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी शहरातून आलीय, वडिलांची हाडं न्यायला, आपल्या आईशेजारी पुरायला. माझी आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोघींचंही बरोबर आहे गं."

ती हट्टी मुलगी, निवृत्तीला आलेली शिक्षिका, झालीय तैवानची सिल्व्हिया चांग. दिग्दर्शनही तिचंच. प्रेक्षकाला राग येईल अशी बाई तिनं स्वतःकडे ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तैवानी सिनेमाचा विषय निघाला की एडवर्ड यांग, हौ शाओ-श्येन या दिग्दर्शकांची नावं आदरानं घेतली जातात, आणि घ्यायलाच हवीत. पण चांग म्हटलं की 'अभिनेत्री' एवढंच. हे मला अजिबात पटत नाही. १९५३ साली तैवानमधल्या च्याईत जन्मलेली ही बाई १९८१ मध्ये टीव्हीसाठी 'अकरा स्त्रिया' ही मालिका उभी करते, त्यातला एक भाग नवख्या यांगकडे सोपवते. दोनच वर्षांनी त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट येतो, 'दॅट डे, ऑन द बीच', आणि नायिका तीच! नाव झालेली नटी, दिग्दर्शक नवखा, चित्रपट पावणेतीन तासांचा. नवरा समुद्रात बुडाला की सोडून गेला, ते शेवटपर्यंत कळत नाही. कळतं ते एवढंच, की बायको आता त्या उत्तरावाचून जगू शकते. हे सगळं चांगच्या चेहऱ्यावर वाचायचं. कॅमेरामन क्रिस्टोफर डॉयलचाही हा पहिलाच चित्रपट.

'पॅशन' (१९८६) तिनंच दिग्दर्शित केला आणि त्यातल्या कामासाठी तैवानच्या गोल्डन हॉर्स चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला. तोच पुरस्कार पुन्हा मिळाला २०२२ मध्ये, 'अ लाइट नेव्हर गोज आउट'साठी. मधे ३६ वर्षं गेली, वय ६९. त्यात ती हाँगकाँगची विधवा आहे. निऑनच्या पाट्या करणारा नवरा गेल्यावर ती त्याच्या जुन्या कारखान्यात जाते आणि काचेची नळी आचेवर धरून वाकवायला शिकते.

ज्या वयात नट्यांना पदर सावरत "जेवून जा रे" म्हणायला उभं करतात, त्या वयात तिच्या वाट्याला हे काम आलं. वाट्याला आलं तरी कसं म्हणू? तिशीपासून ती स्वतः बायकांसाठी अशी कामं उभी करत आलीय.

आज जेवण झाल्या झाल्या आईनं विचारलं, "ते दिव्यांचं कधी लावतेस?"