बस बंद न करता बंद पाडण्याची रीत

नगरसेवक झालात, अभिनंदन. शहराची बससेवा मोडायची असेल, तर ‘बंद करतो’ हा शब्द तोंडातून काढू नका. मोर्चे निघतात, पासवाले विद्यार्थी डेपोच्या गेटात बसतात. एकेक मार्ग घ्या आणि सबुरीनं काम करा.

समजा एका मार्गावर जाऊन-येऊन खेप दीड तासाची आणि गाड्या ९. म्हणजे दर १० मिनिटांनी बस. त्यातल्या ३ ‘सुटे भाग नाहीत’ म्हणून डेपोत उभ्या करा, अंतर १५ मिनिटांवर जातं. मग रस्त्याच्या दोन्ही कडांना पार्किंग होऊ द्या. खेप दोन तासांची झाली की अंतर २० मिनिटं, आणि वेळापत्रकाच्या कागदाला तुम्ही हातही लावलेला नसतो. इथून पुढे काही करावं लागत नाही. उशिरा आलेल्या बसवर प्रत्येक थांब्याची साचलेली गर्दी तुटून पडते, तिला आणखी उशीर होतो. मागची बस रिकामी असते, ती येऊन हिला गाठते. प्रवासी ४० मिनिटं ताटकळतो आणि मग दोन गाड्या जोडीनं येतात. त्यानं कर्ज काढून दुचाकी घेतली की सभागृहात सांगा, ‘लोकांनाच बस नको आहे.’

कुणी बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, मागितली, तर जरूर द्या. पुण्यानं २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला मार्ग सुरू केला. गिरवायला कित्ता आहे. मोकळ्या रस्त्यावर कठडे लावा आणि चौक आला की मार्गिका संपवा, कारण बस अडकते ती चौकातच. उरलेल्या मार्गिकेत मोटारी घुसत नसतील, तर ‘ती रिकामी पडलीय’ अशी ओरड करा. मिनिटाला ६० माणसांची एक बस गेली तरी तासाला ३,६०० माणसं जातात. शेजारी ८०० मोटारी दीड-दीड माणूस घेऊन गेल्या, तर १,२००. हा गुणाकार कुणी फळ्यावर मांडणार नाही, एवढं पाहा. २००६ मध्येच आलेल्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा भर वाहनांपेक्षा माणसं वाहून नेण्यावर आहे. प्रकल्प अहवालाच्या प्रस्तावनेत हे छान दिसतं. आत उड्डाणपूल काढा.

पैशाचं म्हणाल, तर सगळी किमया शब्दांची. बसवर खर्च झाला की ती ‘संचलन तूट’; पुण्यात ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी ६०–४० वाटून घ्यायची आणि दर अंदाजपत्रकात त्यावर सुस्कारे टाकायचे. रस्त्यावर झाला की ती ‘गुंतवणूक’. मुंबईचा सागरी किनारा रस्ता १०.५८ किलोमीटरचा, खर्च १३,००० कोटींच्या वर, टोल नाही, दुचाकीला बंदी. त्याची तूट कुणी विचारली का? बेस्टचं किमान भाडं मात्र २०२५ च्या मे महिन्यात ५ चं १० झालं.

नव्या गाड्या विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे, चालक त्याचे, तिकिटाचा धोका आपला. चालकांचा पगार थकला की ते पहाटेच काम थांबवतात. पत्रकारांना सांगा, तो ठेकेदार आणि चालक यांच्यातला विषय आहे.

थांब्यावरचा स्टीलचा बाक तेवढा काढू नका. त्याच्या पाठीवर तुमचं नाव लाल अक्षरांत रंगवलंय, आणि आता लोक तिथे बराच वेळ बसणार आहेत.