एकट्या फातूवर किती भिस्त ठेवणार?
उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांना स्टेम सेलने (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींनी) वाचवणार हा लेख आवडला, पण स्टेम सेलच का हे त्यात नीट आलंच नाही. २०१८ ला केनियात सुदान हा शेवटचा नर गेला, उरल्या नाजिन आणि फातू, मायलेकी, आणि दोघींनाही गर्भ पोटात वाढवता येत नाही. आता जे भ्रूण गोठवून ठेवलेत ते सगळे फातूच्याच बीजांडांपासून, स्पर्म मेलेल्या मोजक्या नरांचं, म्हणजे उद्या पिल्लं झालीच तरी सगळी एकाच आईची, मग पुढे काय भावाबहिणींचीच लग्नं लावणार का! अमेरिकेत सॅन दिएगोच्या फ्रोझन झूमध्ये (प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवणाऱ्या संग्रहात) मात्र याच जातीच्या १२ गेंड्यांच्या पेशी आहेत, त्यांच्यापासून स्टेम सेल आणि त्यातून बीजांडं करता आली तर खरा फरक पडेल. जपानचे शास्त्रज्ञ हायाशी यांनी उंदरात हे जमवून जिवंत पिल्लं जन्माला घातलीयेत, गेंड्यात २०२२ ला बीजांडाच्या अगदी आधीच्या पेशींपर्यंत मजल गेली, बस तेवढीच.

बाकी या प्रयोगांना ‘पैसे वाया’ म्हणणाऱ्यांचं मला अर्धं पटतं. बीजांड बनलं तरी वाढवायला दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याची मादी लागणार, तिचं गाभणपण सोळा महिन्यांचं, आणि २०२३ ला आयव्हीएफने एक गाभण राहिली तर ७० दिवसांतच भलत्याच इन्फेक्शनने गेली बिचारी. तरी प्रयोग करावेत असंच वाटतं, फक्त शिंगांसाठी मारणाऱ्यांविरुद्धच्या गस्तीचा फंड कापून नको.