कोरल मिटलं म्हणून तांब्याचा हंडा कशाला?

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळकडे घरच्या टँकमध्ये समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो. "कोरल मिटलं? टँकमध्ये बर्फ टाका, लाइट बारा तास ठेवा, अर्धं पाणी बदला. नवं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं घ्या. तीन दिवसांत फुलतं." यंदा मला तो तिघांनी पाठवला. एकाने वर "करी पाय भो" (करून बघ भाऊ) असंही लिहिलं होतं.

आधी तांब्याचंच घेतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात. माणसाला ते पाणी चालतं. कोरल, कोळंबी, शंख यांना तांबं थोडंही विषच. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात, तेसुद्धा कोरलच्या टँकमध्ये टाकत नाहीत. वर ते दगड-वाळूत मुरतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. घरात हंडा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हल्ली घरच्या बऱ्याच आरओंमध्ये कॉपरचं कार्ट्रिज असतं. टँकची नळी त्याच्या आधीच काढून घ्या.

मग कुणीतरी म्हणतंच, "आपलं बोअरचं पाणी घाला ना, जड आहे, कॅल्शियम भरपूर." कॅल्शियम असेल हो, पण रावेर-यावलकडे केळीला दिलेल्या खताचा नायट्रेटही त्याच पाण्यात उतरू शकतो. कॅल्शियम चांगल्या सॉल्ट मिक्समधून (समुद्रासारखं पाणी बनवायच्या तयार मिठातून) मिळतंच, 400 ते 450 पीपीएम.

बर्फामागचा हेतू चुकीचा नाही. टँकला 24 ते 27 अंश हवेत आणि बाहेर 45. पण बर्फाने पाणी झरकन उतरतं, दुपारी पुन्हा चढतं, आणि आजारी कोरलला हा झोकाच सोसत नाही. त्यापेक्षा पाण्याच्या पृष्ठभागावर साध्या फॅनचा वारा सोडा. आपली हवा कोरडी, म्हणून इथे कूलर चालतो. त्याच कारणाने फॅनने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. मात्र रोज बोटभर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. पहिल्या उन्हाळ्यात मी ती तूट मिठाच्या पाण्याने भरत राहिलो आणि घनतेच्या मापावर 1.025 असायला हवं ते पाणी 1.030 वर नेऊन ठेवलं. आता काचेवर खूण आहे, आणि तिथपर्यंत फक्त बिनमिठाचं आरओचं पाणी.

लाइट वाढवणं तर उलटंच. उष्णतेने कोरल आपल्या अंगातलं, त्याला खाऊ घालणारं शेवाळ बाहेर टाकतं, म्हणून पांढरं पडतं. तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. त्याला जास्त उजेड म्हणजे जास्त ताण. लाइट मंद करा. पाणी दहा-पंधरा टक्केच बदला, तेही त्याच तापमानाचं.

राहिलं ते "तीन दिवसांत". माझ्याकडे फक्त लेदर कोरल, म्हणजे मऊ जातीचं कोरल आहे. (कठीण कोरल 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, विकायला कुणी आणलं तरी घेऊ नका.) ते एप्रिलमध्ये मिटलं, वर मेणासारखा चकाकता थर चढला. घरात सगळे म्हणाले, गेलं. मांस कुजून गळत असतं, घाण वास असता, तर मीही काढलं असतं. तसं नव्हतं. वेव्हमेकरचं (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं त्याच्याकडे वळवलं, बाकी हात लावला नाही. दहाव्या दिवशी सकाळी कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल मागच्या दगडाला अडकलेली, आणि टोपीवर मोहरीएवढे पॉलिप, म्हणजे कोरलची इवली तोंडं.