आईचं क्रिएटिनिन आणि थायरॉईड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आईच्या आजारपणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, थायरॉईडच्या गोळीने किडनी सुधारते असं सांगून मी रुग्णांना खोटी आशा लावतेय. तुमचे वडील डायलिसिसवर आहेत, हेही लिहिलंत. तुमचा राग मला कळतो. ‘किडनी पूर्ववत होते’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. मधुमेहाने वर्षानुवर्षं खराब होत गेलेली किडनी थायरॉक्सिनने, म्हणजे थायरॉईडच्या त्या गोळीने, भरून येत नाही. ते वाक्य आज बदललं.

पण ‘थायरॉईड गळ्यात, किडनी कमरेत, संबंध काय?’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. थायरॉक्सिन हे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक कमी पडलं की हृदयाचं काम मंदावतं, रक्तवाहिन्या आवळतात, किडनीकडे जाणारं रक्त घटतं. किडनीची गाळणी धड असते, तिच्यात पडणारी धारच बारीक झालेली असते. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, वाढतं, आणि धार पूर्ववत झाली की बहुतेकदा उतरतंही.

आमच्या आईचं हेच झालं. आठवड्यातून तीनदा पर्वती चढणारी बाई, पावसाळ्यानंतर पहिल्याच टप्प्यावर बसायला लागली. चेहरा सुजलेला, क्रिएटिनिन १.७. शुगर नाही, बीपी नाही, लघवीत प्रोटीन नाही, सोनोग्राफी स्वच्छ. तरी किडनीला प्रोटीनचा भार नको म्हणून दोन महिने आम्ही तिच्या ताटातली डाळ मोजत राहिलो! पायात गोळे येतात, पोट साफ होत नाही, भर दुपारी शाल लागते, हे तिने सांगितलं तेव्हा कुठे डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला लावला. तो ९० च्या वर निघाला. नॉर्मल साधारण ४-५ पर्यंत; थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो. गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत क्रिएटिनिन १.० वर आलं. ते दोन महिने मला अजून सलतात, म्हणून तो लेख लिहिला. कारण सापडत नसताना क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, तर एक टीएसएच करून घ्या, एवढंच माझं म्हणणं. किडनीची औषधं बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

आता तुमच्या वडिलांबद्दल. किडनी निकामी झालेल्यांमध्ये थायरॉईड कमी असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. थकवा, सूज, थंडी वाजणं हे सगळं डायलिसिसच्या नावावर खपून जातं. ते थायरॉक्सिन घेत असतील, तर फॉस्फरस कमी ठेवण्यासाठीची कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी त्यापासून चार तास लांब ठेवायला हवी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. त्यांच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

त्यांचा टीएसएच शेवटचा कधी केला होता? सवडीने कळवाल का?