हिरवं बटण : नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, रामराम.

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "चोपड्याच्या केळीत बसून 'दहा वर्षांत सगळीकडे नेटवर्क' रंगवणं सोपं आहे. आमच्या धडगावकडे फोन लावायला अजून टेकडी चढावी लागते. आधी रेंज द्या, मग भविष्य सांगा." 'सोपं' हा शब्द जरा लागला. पण 'हवेसारखं जाळं' असं मीच लिहिलं होतं आणि ते चुकलं. हवेसाठी कोणी टेकडी चढत नाही.

सगळीकडे असूनही न जाणवणाऱ्या यंत्रांची ही कल्पना मुळात मार्क वायझर या संगणकतज्ज्ञाची. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात काम करताना त्यानं १९९१ मध्ये मांडलं, की संगणक भोवताली इतके मिसळून जातील की ते जाणवणारसुद्धा नाहीत. त्याच्यासमोर ऑफिस होतं. भिंतीवर लिहायचे फळे, हातात पाट्या, छातीवर बिल्ले, सगळे एकमेकांशी बोलणारे. लोडशेडिंग त्या चित्रात नव्हतं.

'आधी रेंज, मग भविष्य' हा तुमचा क्रम मात्र मला पटत नाही. तुमच्याच नंदुरबार जिल्ह्यात बघा. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली, खुद्द पंतप्रधान आले होते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं मंजुरी दिली ऑक्टोबर २०११ मध्ये. नंबर आधी, तार नंतर. जाळं पोचायच्या आधी त्याची सक्ती पोचते. रेंज आल्यावर भविष्य येईल म्हणून थांबलात, तर तोवर ते तुमच्या रेशनकार्डात शिरलेलं असेल.

आमच्या मळ्यात मोटारीच्या स्टार्टरला सिमकार्डाचा डबा बसवलाय. रात्रीची लाइट आली की मेसेज येतो, आबा खाटेवरून फोन लावतात, केळीला पाणी सुरू. पूर्वी याच कामाला बॅटरी घेऊन, साप-विंचू बघत जावं लागे. टॉवर गेला तर आजही जावं लागतं. पण गेल्यावर स्टार्टरवरचं हिरवं बटण दाबलं की मोटार चालते. डबा बंद पडला म्हणून पाणी अडत नाही.

मावशीच्या रेशनच्या मशीनला असं बटण नाही. केळीच्या चिकानं आणि विळ्यानं तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. एकदा अंगठा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला तर सर्व्हर नाही. दुकानदार म्हणाला, "रेंज नही शे, सकाय ये." (रेंज नाही, उद्या ये.) धान्य समोर गोणीत, मावशी समोर, दुकानदार तिला पंचवीस वर्षं ओळखतो. तरी ती रिकामी पिशवी घेऊन परतली, एका दिवसाची मजुरी बुडवून.

म्हणून मी माझं वाक्य बदलतो. दहा वर्षांनी जाळं किती ठिकाणी असेल, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. ते तुटल्यावर कोणतं काम चालू राहील, हे आधी विचारायला हवं. यंत्रं तशी बनवता येतात. लोरा नावाचं रेडिओचं तंत्र आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय चालतं. मातीची ओल सांगणारं सेन्सर त्यावर छोट्या बॅटरीवर कित्येक महिने काही किलोमीटर निरोप पाठवतं, मोबाइलच्या टॉवरशिवाय. (सातपुड्याचे डोंगर आडवे आले की अंतर घटतं, हे तुम्ही सांगण्याआधीच मान्य.)

एक सांगा नाना. मशीन चालेना की तुमच्याकडचा रेशनवाला काय करतो? वहीत लिहून धान्य देतो, की मशीनच उचलून टेकडीवर नेतो?