मैल ० ते मैल ५१

सोलापूरच्या माणसाला समुद्राचं वेड लागू नये असा काही कायदा नाही, पण असायला पाहिजे. ज्याच्या लहानपणी नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि ते आलं की अख्खं घर पातेली घेऊन पळायचं, त्या माणसाने पन्नाशीत तीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली, तीही मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, पण तेव्हा मी मिक्सर लावला होता आणि मान हलवली ती चटणी झाली म्हणून.

आम्ही राहतो व्हर्जिनियात. इथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून इंट्राकोस्टल वॉटरवे जातो, म्हणजे खाड्या, नद्या आणि मधे मधे खोदलेले कालवे जोडून केलेला रस्ता, बाहेरच्या खवळलेल्या समुद्रात न जाता आतल्या आत फ्लोरिडापर्यंत. नॉरफोकला मैल ०, मायामी साधारण १,०९०. थंडी सुरू व्हायच्या आधी रिटायर्ड जोडपी आपापल्या होड्या घेऊन पक्ष्यांसारखी दक्षिणेला निघतात, त्यांना म्हणतातही स्नोबर्ड. नवरा म्हणाला आपण पण जाऊ, सगळं नको, ट्रायल म्हणून मैल ५१ पर्यंत, एलिझाबेथ सिटी, नॉर्थ कॅरोलायना. गाडीने तासाभराचा रस्ता. आम्हाला तीन दिवस लागले. ही तक्रार नाही, तक्रार पुढे आहे.

पहिल्यांदा मला हे कळलं की शिडाच्या होडीत शीड उघडायचंच नसतं. रस्ता अरुंद, वारा कायम नाकासमोरून, त्यामुळे डिझेल इंजिन चालू, गावाकडच्या पिठाच्या गिरणीसारखं ठक ठक ठक, आणि वर ४४ फुटी डोलकाठी नुसती मिरवायला. तिचा उपयोग एकच, पुलाखालून जाताना नवराबायकोला घाम फोडणे. या वॉटरवेवरचे पक्के पूल साधारण ६५ फूट उंच असतात, म्हणजे डोक्यावर वीसेक फूट मोकळे, हे मला गणित म्हणून मान्य आहे. पण खालून वर बघा, डोलकाठी पुलाला लागणार म्हणजे लागणारच असं दिसतं आणि मी दर पुलाला डोकं खाली घालते. काठीचं टोक वाचावं म्हणून पाच फुटांवरचं माझं डोकं मी का खाली घालते हे नवऱ्याने विचारलं, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

गिल्मर्टनचा पूल मात्र खरोखरच खाली असतो, बंद असताना ३५ फूट. रेडिओवर सांगितलं की आख्खाच्या आख्खा लिफ्टसारखा वर जातो, फक्त ऑफिसच्या गर्दीच्या वेळी नाही. आम्ही पोचलो बरोब्बर गर्दीच्या वेळी. मी डबे भरत बसले म्हणून उशीर झाला असं नवऱ्याचं म्हणणं आहे, आणि ते डबे त्याने पुढचे दोन तास त्या पुलासमोर गोल गोल फिरताना रिकामे केले, विसर्जनाला नंबर लागायची वाट बघावी तसे. पलीकडच्या लॉकची, म्हणजे होडी आत घेऊन पाण्याबरोबर वर-खाली करणाऱ्या दारं असलेल्या हौदाची, साडेतीनची वेळ गेलीच होती. रात्र लॉकच्या अलीकडे, डासांबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला डीप क्रीकच्या लॉकमधून वर चढून आम्ही डिस्मल स्वॉम्प कॅनॉलमध्ये शिरलो. डिस्मल स्वॉम्प म्हणजे उदासवाणी दलदल, असं नाव असलेल्या ठिकाणी माझी बहीण लग्नाच्या वाढदिवसाला गेली नसती, पण असो. बावीस मैलांचा सरळसोट कालवा, खोदायला १७९३ ला घेतला, १८०५ ला उघडला, आणि खोदला कोणी तर गुलामांनी, कंबरभर चिखलात उभं राहून. हे वाचल्यावर मी डासांबद्दलची कुरकुर जरा कमी केली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, झाडांचं टॅनिन उतरून झालेलं, आणि इतकं स्थिर की दोन्ही काठांची झाडं उलटी जशीच्या तशी. खरंच सुंदर आहे हो. नवरा भावुक होऊन माझा हात धरायला आला आणि खालून धाडकन आवाज आला.

बुडालेला ओंडका. पाण्याची खोली सहा फूट, आमची होडी पाण्यात साडेचार फूट, म्हणजे खाली दीड फूट जागा, आणि त्यात कुणीतरी आडवं झोपलेलं. असे चार झाले. दर वेळी नवरा म्हणायचा "काही नाही, काही नाही" आणि दर वेळी ते आधीच्यापेक्षा बारीक आवाजात.

मग इंजिनाने शिट्टी दिली. कुकरची नव्हे, तापल्याची. पाण्यावर हिरव्या टिकल्यांसारखं शेवाळ तरंगत असतं, इंजिन थंड करायला जे पाणी आत ओढलं जातं त्याबरोबर ते आत गेलेलं. नवऱ्याने गाळणीचं झाकण उघडलं तर आत गच्च पालकाची पातळ भाजी, फक्त लसूण नाही. मी चमच्याने काढत होते, तो टॉर्च धरून मला "नीट काढ" सांगत होता. आम्ही झाडाला बांधलेले, आणि काठावरच्या सायकल ट्रॅकवरून जॉगिंग करणाऱ्या एक आजी हात हलवून पुढे गेल्या. तासाभराने इंजिन चालू करून आम्ही निघालो तर त्या आजी परत जाताना भेटल्या. तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. त्यांनी कालवा बघितला, मुलाला बघितलं आणि विचारलं, "उजनीच्या कालव्यात काय वाईट होतं रे?"

रात्री वेलकम सेंटरच्या धक्क्याला लागलो. हे म्हणजे हायवेचा रेस्ट एरिया आणि होड्यांचा धक्का एकत्र, एकीकडे ट्रकवाले, दुसरीकडे आम्ही, बाथरूम कॉमन. जागा कमी म्हणून एक रिटायर्ड जोडपं आमच्या होडीला होडी बांधून झोपलं आणि रात्री आमच्या डेकवरून ये-जा करत होतं, चाळीतल्या गॅलरीसारखं. मी पिठलं केलं होतं. काकूंनी चव घेतली, वाटीभर मागून नेलं आणि काकांना सांगितलं हे सूप आहे.

आता तक्रार. साउथ मिल्सचं लॉक. इथे होडी आत घेतात, दारं बंद करतात आणि पाणी सोडून साधारण आठ फूट खाली उतरवतात. दोर खुंट्याला नुसता वेढा देऊन हातात धरायचा आणि होडी खाली जाईल तसा सोडत राहायचा. मला नवऱ्याने सांगितलं "दोर घट्ट धर". घट्ट म्हणजे घट्ट, मी धरून कशाला थांबू, बांधूनच टाकला. तीन गाठी मारल्या, वरातीच्या सामानाला मारतात तशा. पाणी उतरायला लागलं, मागचा भाग नवऱ्याबरोबर खाली गेला, पुढचा भाग माझ्याबरोबर वरच. आतून डब्यांचा आवाज, मग पिठल्याच्या पातेल्याचा, मग नवऱ्याचा. ताण आलेल्या दोराची गाठ सुटत नाही, हे तेव्हा कळतं. वरून लॉकवाल्या काकांनी बघितलं, पाणी थांबवलं, थोडं परत चढवलं आणि एवढंच म्हणाले, "मॅम, गाठ छान आहे." हाच माणूस आधी लॉकच्या अलीकडचा पूल उघडून, मग गाडीत बसून, आमच्या आधी लॉकवर येऊन उभा होता. गाडीत बसून. मी नवऱ्याकडे बघितलं, तो नकाशा वाचत होता.

पुढे पास्क्वोटँक नदीची वळणं, पाण्यात उभे असलेले सायप्रस, आणि आम्ही दोघं गप्प. एलिझाबेथ सिटीला धक्का फुकट, आणि तिथे १९८३ पासून होडीवाल्या बायकांना गुलाबाचं फूल द्यायची पद्धत आहे. मलाही मिळालं. नवऱ्याने ते माझ्या हातातून घेऊन मलाच परत दिलं, स्वतः आणल्यासारखं.

होडी तिथेच ठेवून आम्ही टॅक्सीने घरी निघालो. बराच वेळ कालवा खिडकीतून शेजारी पळत होता, तीन दिवस पाऊण तासात मागे गेले. गिल्मर्टनला येऊन थांबलो. पूल वर गेलेला, खालून एक शिडाची होडी, शीड गुंडाळलेलं, पुढे एक बाई दोर धरून, डोकं खाली घातलेलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "कसली माणसं असतात ही, काही कामधंदे नाहीत यांना?"

"खरंय," नवरा म्हणाला.