काउटाउ म्हणजे लाचारी नव्हे

एखाद्या देशाने महासत्तेपुढे नमतं घेतलं की इंग्रजी मथळ्यांत ‘काउटाउ’ हे क्रियापद हमखास येतं. मराठीत आपण त्याचं ‘लोटांगण घातलं’ करतो. बातमीपुरतं ते चालेल. पण चीनच्या इतिहासाबद्दल लिहितानाही तोच अर्थ चिकटवला जातो, आणि तिथे तो साफ चुकतो.

मूळ चिनी शब्द साधारण ‘खोउथोउ’. खोउ म्हणजे आपटणं, टेकवणं आणि थोउ म्हणजे डोकं. चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, म्हणजे छिंग घराण्याच्या दरबारातला पूर्ण विधी असा: दोन्ही गुडघे टेकायचे, तळहात जमिनीवर ठेवायचे, कपाळ तीनदा जमिनीला लावायचं आणि उभं राहायचं. हेच आणखी दोनदा. एकूण तीन वेळा गुडघे, नऊ वेळा कपाळ. पुकारा करणारा अधिकारी ‘गुडघे टेका’, ‘कपाळ टेका’, ‘उठा’ असे हुकूम देई.

यात मानहानी होती असं चिनी माणसाला वाटायचं कारणच नव्हतं. मुलं आईवडिलांपुढे, शिष्य गुरूपुढे, सगळं घर पूर्वजांच्या पाट्यांपुढे असंच डोकं टेकवी. खुद्द सम्राट स्वर्गापुढे हे करी. १६८४ मध्ये खांगशी सम्राटाने छूफूला, म्हणजे कन्फ्यूशियसच्या जन्मगावी, त्याच्या मंदिरात तीन-नऊचा पूर्ण विधी केला. त्याला कोण लाचार म्हणेल? विठोबापुढचं लोटांगण आणि साहेबापुढचं लोटांगण यांतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही, तसंच हे.

मग इंग्रजीत शब्दाला हा वास का लागला? भांडणामुळे. १७९३ मध्ये ब्रिटनचा दूत लॉर्ड मॅकार्टनी (त्याआधी मद्रासचा गव्हर्नर) छियेनलुंग सम्राटाकडे गेला. त्याची अट अशी, की माझ्याच दर्जाच्या चिनी अधिकाऱ्याने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे हेच करावं, मग मी करतो. ती मान्य झाली नाही. त्याच्या स्वतःच्या नोंदीनुसार तो शेवटी एका गुडघ्यावर बसला. त्याच्यासोबत गेलेल्या जॉन बॅरोचं प्रवासवर्णन १८०४ मध्ये छापून आलं, आणि शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. १८१६ मध्ये लॉर्ड अॅम्हर्स्टने नकार दिला, तेव्हा सम्राटाला न भेटताच त्याला परत धाडलं. हाच अॅम्हर्स्ट पुढे १८२३ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला. इंग्रज वाचकांसाठी काउटाउ म्हणजे ‘आपण न केलेली गोष्ट’ ठरली, आणि करणारा आपोआप लाचार ठरला.

व्यापाराच्या सवलती मागायला गेलेल्या मॅकार्टनीची मोहीम कपाळ न टेकल्यामुळे फसली, ही समजूतही टिकत नाही. १७९५ मध्ये डच दूत इसाक टिटसिंग पेकिंगला गेला, त्याने सगळे विधी बिनतक्रार पाळले. त्यालाही व्यापाराच्या सवलती मिळाल्या नाहीत. युरोपीय व्यापाऱ्यांनी फक्त कँटन बंदरातच व्यापार करायचा, या व्यवस्थेत छिंग दरबाराला बदल करायचाच नव्हता, कपाळ टेका की नका टेकू.

म्हणून अनुवाद करणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे. आजच्या राजकारणाच्या मजकुरात ‘लोटांगण’, ‘नमतं घेणं’ खुशाल वापरा. मजकूर छिंग दरबाराचा असेल, तर ‘कपाळ टेकून वंदन’ लिहा आणि पहिल्या उल्लेखात तीन-नऊचा हिशेब द्या. ‘मुजरा’ टाळा, कारण मुजऱ्यात माणूस उभ्याने वाकतो. १८७३ मध्ये थोंगचर सम्राटाने परदेशी दूतांकडून नुसतं वाकून वंदन स्वीकारलं. तिथे मात्र मुजरा हा शब्द जवळचा ठरेल.